केळीच्या मळ्यातला मोबाईल ऑटो कॉलनीच्या मैल्याच्या संपवर चालतो का?

जळगाव-भुसावळकडच्या कॉलन्यांत सांडपाणी साठवून उपसायच्या टाकीवर, म्हणजे संपवर, मोबाईल ऑटो (फोनवरून मोटर चालू-बंद करणारा डबा) बसवायचा म्हटलं, की दुकानदार रावेर-यावलच्या केळीवाल्यांना देतो तोच डबा पुढे करतो. सिम टाका, मिस्ड कॉल द्या, मोटर चालू. 5 एचपी थ्री-फेज मैला पंपावर तो चालतोही. फक्त मळ्यातल्या सेटिंगवर चालवला तर घात करतो.

मुख्य गोम ड्राय-रनची, म्हणजे पाण्याविना पंप चालण्याची. मळ्यात अँपिअर पडले की ऑटो मोटर बंद करतो आणि तास-दोन तासांनी पुन्हा लावतो, तोवर विहिरीला पाणी चढतं. संपमध्ये पाणी येतच राहतं. शिवाय इथे अँपिअर पडतात ते बहुतेक वेळा संप कोरडा म्हणून नाही, तर पंपाच्या तोंडाला पिशवी चिकटलेली असते किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी मागे येऊ न देणारा) अडकलेला असतो. पाणी पुढे सरकलं नाही की पंप कमी अँपिअर ओढतो. ऑटो निवांत बसतो आणि चेंबर रस्त्यावर वाहतं. म्हणून रीस्टार्टचा वेळ 10 मिनिटांवर आणा आणि ट्रिपचा (मोटर आपोआप बंद पडल्याचा) मेसेज दोन नंबरांवर लावा. याउलट अँपिअर चढले तर इम्पेलरला (पंपातल्या फिरत्या पात्याला) चिंधी गुंडाळली असं समजा. संप साफ असतानाचं रीडिंग पॅनलच्या दारावर लिहून ठेवा, तुलना त्याच्याशीच करायची.

दुसरं, फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा स्विच. मळ्यात टाकी भरली की मोटर बंद. इथे संप भरला की चालू. तीन तारांच्या फ्लोटमध्ये कॉमन तशीच ठेवून उरलेल्या दोन अदलाबदल केल्या की काम उलटं होतं. चालू-बंदमधलं अंतर मात्र हिशोबाने ठेवा. पंप मिनिटाला 333 लिटर उपसत असेल आणि तासाला 6 पेक्षा जास्त स्टार्ट नको असतील, तर मध्ये साधारण 830 लिटर हवेत. 2 बाय 1.5 मीटरच्या संपमध्ये म्हणजे 28 सेंटीमीटर. बंद होताना मोटर पाण्यात बुडालेली राहिली पाहिजे, ती थंड होते त्याच पाण्याने. फ्लोट साखळीला बांधून वरून ओढता येईल असा टांगा. तेलकट थर महिन्यात बसतो, आणि तो पुसायला कुणाला खाली उतरवायचं नाही, सुरक्षा साधनांशिवाय तसं उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे.

फेज गेला, उलटा झाला, व्होल्टेज पडलं, यात हा डबा चोख. आपल्याकडच्या डीपीवर हेच सोनं आहे. टू-फेज मोड (दोनच फेजवर मोटर चालवायची सोय) तेवढा बंद ठेवा.

सिम घेताना बघा: 2जी डबा असेल तर जिओचं सिम चालणार नाही. रिचार्ज संपला की मेसेज गुपचूप थांबतात. मे महिन्यात पत्र्याचं पॅनल उन्हात असेल तर आतली बॅटरी फुगते, लाईट गेल्याचा मेसेज मग येतच नाही. वर छप्पर हवंच. संपमधून येणारा केबलचा पाईप पॅनलमध्ये थेट सोडू नका. तोंड सीलंटने बुजवा, नाहीतर गटारीच्या गॅसने कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारे स्विच) काळे पडतात.

फोनवरून मोटर लावणं ही गंमत चार दिवसांची. खरी किंमत रनिंग-अवरच्या, म्हणजे पंप किती तास चालला त्याच्या, नोंदीची. घरं तेवढीच, वापर तेवढाच, आणि जुलैत पंपाचे तास एकदम वाढले, तर उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीने पाईपचे सांधे सोडवलेत आणि पावसाचं पाणी आत शिरतंय. व्हॅक्युम गटारीतही (जिथे मैला हवेच्या ओढीने वाहतो) नजर अशीच ठेवतात: मैला तेवढाच आणि व्हॅक्युम पंपाचे तास वाढले, म्हणजे कुठला तरी व्हॉल्व उघडा अडकलाय किंवा लाईन हवा ओढतेय.

दुकानात एकच विचारा: फ्लोटचे इनपुट किती? दुसरा इनपुट ओव्हरफ्लोच्या इशाऱ्याला लागतो. एकच असेल तर डबा मळ्यासाठी ठेवा, किंवा बॅटरीवरचा भोंगा वेगळा लावायची तयारी ठेवा.