जिओनेम्स: एकाच नावाची दहा ठिकाणं वेगळी करायची असतील तर

हैदराबाद तेलंगणात आहे आणि सिंधमध्येही. त्रिपोली ही लिबियाची राजधानी, लेबनॉनमधलं बंदर आणि ग्रीसमधलं शहरही. पत्त्यांची यादी किंवा नकाशा करताना अशी नावं हमखास दगा देतात. या कामासाठी जिओनेम्स हा जगभरच्या स्थळनामांचा मोफत कोश उत्तम आहे, पण आयता नाही.

त्याचं खरं बळ प्रत्येक ठिकाणाला दिलेल्या वेगळ्या क्रमांकात आहे. तेलंगणातलं हैदराबाद १२६९८४३, सिंधमधलं ११७६७३४. आपल्या तक्त्यात नावासोबत हा क्रमांक साठवलाच पाहिजे. कझाकस्तानची राजधानी २०१९ मध्ये अस्तानाची नूरसुलतान झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. क्रमांक जपणाऱ्याला काही फरक पडला नाही. जुनी आणि परभाषांतली नावं पर्यायी नावांच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात. तिथे भाषेचा कोड असतो, शिवाय नाव ऐतिहासिक आहे की बोलीतलं याची खूणही. छोट्या गावांच्या मराठी नावांसाठी मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नका.

ऑनलाइन शोधसेवेसाठी आधी खातं काढायचं आणि मग खात्याच्या पानावर वेबसेवा वेगळी सुरू करायची. हे दुसरं पाऊल राहिलं की नुसतीच चूक दाखवली जाते. 'क्यू' या रकान्यात नाव टाकलं तर शोध देश-प्रांतांच्या नावांतही होतो, त्यामुळे 'जॉर्जिया' म्हटलं की देश, अमेरिकेतलं राज्य आणि दोन्हींमधली गावं असा ढीग समोर येतो. त्याऐवजी तंतोतंत नावाचा पर्याय वापरा, सोबत देशाचा कोड द्या आणि वर्ग 'पी', म्हणजे वस्ती, एवढाच ठेवा. आकडा सांगितला नाही तर १०० निकाल येतात. एका वेळी १००० पर्यंत मागता येतात.

संपूर्ण फाइल उतरवून घेणाऱ्यांसाठी दोन खड्डे. १९ रकाने टॅबने वेगळे केलेले असतात, अवतरणचिन्हांना विशेष अर्थ नसतो. वाचणाऱ्या प्रोग्रामला हे सांगितलं नाही, तर नावातलं एखादं सुटं अवतरणचिन्ह पुढच्या ओळी गिळून टाकतं. दुसरा खड्डा नामिबियाचा: त्याचा देशकोड 'एनए', आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं तक्ते वाचणारं साधन पांडाज त्याला रिकामी जागा समजतं. अख्खा देश गायब होतो, चूक मात्र कुठेच दिसत नाही!

उणिवाही आहेत. शहर आणि त्याच नावाचा जिल्हा यांना दोन क्रमांक असतात. लोकसंख्या जुळवताना वर्ग पाहिला नाही तर तेच लोक दोनदा मोजले जातात. दुबार नोंदी एकत्र केल्या की एक क्रमांक रद्द होतो, म्हणून रोज निघणारी रद्द नोंदींची फाइलही तपासावी.

नाव सारखं का, हे इथे कळत नाही. व्हेनेझुएलाचं व्हॅलेन्सिया स्पेनमधून आलं; तमिळनाडूचं सेलम आणि ओरेगॉनचं सेलम यांचा एकमेकांशी संबंधच नाही. कोशात दोन्ही जोड्या सारख्याच दिसतात. माणसांची नावंही इथे नाहीत. चिनी ली आणि इंग्रजी ली वेगळे करायचे तर विकिडेटा या मुक्त माहितीकोशाकडे वळा. तिथल्या स्थळांच्या नोंदींत 'पी १५६६' या गुणधर्मात जिओनेम्सचा क्रमांक मिळतो, तेव्हा दोन्हीकडची माहिती जोडायला नावाची गरजच पडत नाही.