टेल्यूराइडचा बिअर फेस्टिव्हल, नागपूरच्या जिभेला कसा वाटला

सप्टेंबरात दादाकडे डेन्व्हरला गेले होते तेव्हा त्याच्यासोबत टेल्यूराइडच्या ब्लूज अँड ब्रूज, म्हणजे ब्लूज संगीत आणि बिअरच्या फेस्टिव्हललाही जाऊन आले, आणि नागपूरला परत आल्यापासून मैत्रिणी एकच विचारून राहिल्या, काय गं, बिअर चाखायला एवढ्या लांब डोंगरात कोणी जातं का? म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. जातात, आणि मी तर परत जाईन.

आधी जागा. टेल्यूराइड म्हणजे कोलोरॅडोतल्या सॅन वान डोंगरांच्या बेचक्यातलं जुनं खाणवाल्यांचं गाव. डेन्व्हरहून गाडीने सहा-सात तास लागतात, वहिनी बिअर घेत नाही त्यामुळे पूर्ण रस्ता गाडी तिनेच चालवली. फेस्टिव्हल 1994 पासून चालू आहे, गावाच्या टाउन पार्कमध्ये भरतो आणि ते गाव आहे 2667 मीटरवर. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे त्या शिखराच्याही हजार मीटर वर उभं राहून बिअर प्यायची. आपण नागपूरवाले तीनशे मीटरवरचे लोक, पहिल्या दिवशी नुसतं चालताना धाप लागून राहिली होती. एवढ्या उंचीवर अंगातलं पाणी लवकर कमी होतं, डोकं चढतं, त्यामुळे एक सॅम्पल झालं की दोन घोट पाणी हा नियम वहिनीने घालून दिला आणि मला शेवटपर्यंत काही त्रास झाला नाही. दादाने नाही ऐकलं, तो रविवारी दुपारपर्यंत झोपून होता.

आता मुख्य गोष्ट. शनिवारी दुपारी तिथे ग्रँड टेस्टिंग असतं. वयाची एकवीस वर्षं पूर्ण झालेल्यांनाच, पासपोर्ट दाखवायचा, मग हातात एक छोटा ग्लास देतात आणि तीन तास पन्नासेक ब्रुअऱ्यांच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांच्या टेबलांवर फिरायचं, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन घोट. मला सगळ्यात जास्त हेच आवडलं, दोन घोटच. आपल्याकडे बिअर म्हटलं की अख्खी बाटली, मे महिन्यातल्या उन्हात थंडगार, चव बघायला वेळच नसतो. इथे एक घोट घेऊन थांबायचं, काय लागलं ते एकमेकांना सांगायचं, आवडलं नाही तर ग्लास रिकामा करून पुढे.

पण पहिल्या अर्ध्या तासात आम्ही चूक केली. सगळ्यात छोटी रांग दिसली तिथे घुसलो आणि ती निघाली डबल आयपीएची, म्हणजे इंडिया पेल एल नावाच्या बिअरच्या जास्त कडक प्रकाराची, एकदम कडू, कारण त्यात हॉप्स भरपूर, हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, कडूपणाही त्यातूनच येतो आणि वासही. वास छान होता, पण नंतरच्या दोन बिअर कशा होत्या ते मला सांगताच येणार नाही कारण तोंडात दुसरं काही उरलंच नाही. जाल तेव्हा हलक्या आणि आंबट आधी घ्या, मग ब्राउन आणि काळ्या, आयपीए एकदम शेवटी.

मग एका टेबलावर गोझ मिळाली. ही जर्मन पद्धतीची आंबट बिअर, गोस्लार गावावरून नाव, नंतर लाइपझिगला जास्त चालली. त्यात मीठ टाकतात आणि चक्क धने! आंबटपणा येतो तो लॅक्टोबॅसिलसमुळे, म्हणजे दही लावणाऱ्या जंतूंचाच गोतावळा. पहिला घोट घेतला आणि दादा म्हणाला, "हे तर आईच्या ताकासारखं लागून राहिलं बे." खरंच तसंच लागलं, उन्हातून आल्यावर मीठ आणि धनेपूड घालून आई देते तसं, फक्त वर बुडबुडे. मी तीनदा परत गेले त्या टेबलावर. सावजीच्या तर्रीसोबत या बिअरइतकं दुसरं काही जमणार नाही हे मी खात्रीने सांगते, तिखटावर कडू बिअर घेतली की जीभ आणखी पेटते, पण आंबट-खारट घेतली की तिखट शांत होतं.

तिथलीच टेल्यूराइड ब्रुइंग कंपनी आहे, त्यांची फेस डाउन ब्राउन पण नक्की घ्या. जवाला मोड आणून भाजतात, त्या भाजण्याचा वास येतो, चुलीवरच्या भाकरीचा किंचित करपलेला पापुद्रा असतो ना तसा. वहिनीने नुसता वास घेतला आणि तिलाही भाकरीच आठवली. एका ब्रुअरीची भोपळ्याची बिअर मात्र अजिबात नाही आवडली, दालचिनी आणि लवंग एवढी की मसाल्याचा डबा उघडल्यासारखं, नाव नाही घेत.

विटबिअरच्या टेबलावर मात्र मी बराच वेळ उभी होते. बेल्जियन पद्धतीची, गव्हाची, त्यात धने आणि संत्र्याची साल. बनवणाऱ्याला मी सांगितलं की आमचं गावच संत्र्यांचं, तर त्याने रांग थांबवून विचारलं की साल कशी असते. मी सांगितलं, पातळ, सैल, बोटाने सहज निघते, आणि सोलताना हाताला दिवसभर वास राहतो. त्याने ते वहीत लिहून घेतलं, मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

राहायचं मात्र लवकर बघा. आम्ही उशिरा बुकिंग केलं आणि शेजारच्या माउंटन व्हिलेज गावात जी खोली मिळाली तिचा हीटर रात्रभर बंद, फोन केला तर कोणी उचलला नाही, सप्टेंबरातली तिथली रात्र म्हणजे आपल्या डिसेंबरपेक्षा वाईट, स्वेटर दोन न्या. पण माउंटन व्हिलेजहून टेल्यूराइडला डोंगरावरून गोंडोला, म्हणजे केबल कार आहे, 1996 पासून चालू, तेरा मिनिटं लागतात आणि एक पैसा घेत नाहीत. प्यायल्यावर गाडीचा प्रश्नच नाही. संध्याकाळी त्यातून वर जाताना खाली अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी व्हायला लागलेली, मागे गाण्यांचा आवाज, आम्ही तिघंही गप्प बसून होतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या गारठ्याचा कापला. आणि नागपुरात कोणी गोझ किंवा विटबिअर बनवून राहिलं असेल तर मला नक्की कळवा, आंबिया बहाराची संत्री आपल्या कळमना मार्केटात उतरली की सालं मी स्वतः घेऊन येते.