एम.कॉम.ला कॅल्क्युलेटर कोणता घ्यावा? सिटिझन सीटी-५१२ चा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. अकाउंटिंग-फायनान्स घेऊन एम.कॉम. करत असाल तर सायंटिफिक नको, महागडा फायनान्शियल तर नकोच, साधा १२ अंकी टेबलावरचा कॅल्क्युलेटर घ्या. माझ्याकडे सिटिझन सीटी-५१२ आहे, पाचपैकी साडेचार.

हा तोच आहे जो वाण्याच्या गल्ल्यावर असतो, मोठी बटणं, मोठी स्क्रीन, सोलर पण आणि आत सेल पण. त्यामुळे कॉलेजमधली पोरं त्याला बेरजा करायचं यंत्र समजतात आणि एम.कॉम.ला आलोय म्हणजे आता काहीतरी भारी पाहिजे म्हणून साइन-कॉसवाला घेऊन येतात, जो फायनान्सच्या पेपरला फारसा कामाचाच नाही, आणि बऱ्याच परीक्षांना तो आत नेऊही देत नाहीत. हॉलतिकिटावरच्या सूचना नीट वाचा. पुढेमागे सीए करायचं डोक्यात असेल तर तिथेही सायंटिफिक चालत नाही, १२ अंकांपर्यंतचा साधाच लागतो, म्हणजे हाताला आत्ताच सवय झालेली बरी.

आता या मशीनमधली खरी गोष्ट, जीटीचं बटण. जीटी म्हणजे ग्रँड टोटल, तुम्ही जितक्या वेळा बरोबरचं चिन्ह दाबाल तितक्या वेळच्या उत्तरांची बेरीज ते आतल्या आत करत राहतं. दुकानदार बिलांची बेरीज मारायला वापरतो. आपण काय करायचं बघा, १ भागिले १.१ करून बरोबर दाबा, ०.९०९०९ येईल, हा १० टक्क्यांचा पहिल्या वर्षाचा डिस्काउंट फॅक्टर, म्हणजे वर्षाने मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत. परत नुसतं बरोबर दाबा, ०.८२६४५, दुसरं वर्ष. परत दाबा, ०.७५१३१. असं पाच वेळा झालं की जीटी दाबा, स्क्रीनवर ३.७९०७९ येतं, म्हणजे पाच वर्षांचा अ‍ॅन्युइटी फॅक्टर (पाच वर्षं दरवर्षी एक रुपया मिळाला तर त्या सगळ्याची आजची किंमत). पुस्तकाच्या मागची पीव्ही (आजच्या किमतीची) टेबलं उघडायची गरजच नाही, आणि पेपरात दर ११.५ टक्के दिला असेल, जो टेबलात नसतोच, तरी काही अडत नाही.

मला हे एवढं आवडायचं कारण फक्त स्पीड नाहीये. टेबलातून आकडा उचलला की तो आकडा आला कुठून हे विसरायला होतं, आणि इथे दर वर्षी तुम्ही स्वतः १.१ ने भागताय, पैसा एकेक वर्षं मागे येताना दिसतो. डिस्काउंटिंग म्हणजे एवढंच आहे हे मला लेक्चरपेक्षा या बटणाने जास्त नीट समजावलं.

लीजचं गणित घ्या. इंड एएस ११६, म्हणजे लीजचं भारतीय लेखामानक, जे १ एप्रिल २०१९ पासून लागू आहे, त्यात भाडेकरूला लीजची देणी आजच्या किमतीला ताळेबंदात घ्यावी लागतात. समजा दर वर्षाच्या शेवटी १ लाख भाडं, पाच वर्षं, दर १० टक्के. वरचा ३.७९०७९ गुणिले १ लाख, लीज लायबिलिटी ३,७९,०७९. आता शेड्यूल, म्हणजे दर वर्षाअखेर किती देणं उरलं ते. त्याच आकड्याला १.१ ने गुणा, त्यातून १ लाख वजा, ३,१६,९८७. परत १.१ ने गुणा, १ लाख वजा, २,४८,६८५. मग १,७३,५५४, मग ९०,९०९, आणि शेवटी शून्य, काही पैशांचा फरक राउंडिंगचा. मध्ये काही क्लिअर करायचं नाही की परत टाइप करायचं नाही, साखळी चालू ठेवायची आणि एकेक आकडा उत्तरपत्रिकेत उतरवत जायचा. शेवटच्या वर्षाच्या आधीचा तो ९०,९०९ बघितला का? आपण सुरुवातीला काढलेला पहिला फॅक्टर ०.९०९०९ तोच हा. असं जुळलं की उत्तर बरोबर आहे हे सरांना विचारावं लागत नाही.

आयआरआरलाही (गुंतवणुकीवर दरवर्षी पडणारा परताव्याचा दर) हेच. १ लाख गुंतवले, पाच वर्षं दरवर्षी २८,००० येणार. १ लाख भागिले २८,००० म्हणजे ३.५७१४३, एवढा फॅक्टर कुठल्या दराला येतो ते शोधायचं. १२ टक्क्यांना जीटी ३.६०४७८ देतो, १३ ला ३.५१७२३, म्हणजे उत्तर या दोघांच्या मध्ये, इंटरपोलेशन केलं, म्हणजे मधला दर प्रमाणात काढला, की १२.३८ टक्के. फायनान्शियल कॅल्क्युलेटर हे उत्तर एका झटक्यात देईल हे मान्य, पण पेपरात मार्क स्टेप्सना असतात, दोन दर, दोन फॅक्टर आणि मधलं इंटरपोलेशन लिहून दाखवावंच लागतं, मग ते झटक्यातलं उत्तर घेऊन करायचं काय.

लांबचे हप्ते असतील तर थोडी युक्ती लागते. ५ लाखांचं कर्ज, ९ टक्के, ६० महिने. महिन्याचा दर ०.७५ टक्के, आता साठ वेळा बरोबर दाबत बसलात तर मोजणी चुकणारच. त्यापेक्षा १ भागिले १.००७५ करून बरोबर १२ वेळा दाबा, ०.९१४२४ येईल, हे एक वर्ष. लगेच गुणिले दाबून बरोबर चार वेळा, म्हणजे पाचवा घात, ०.६३८७०, झाले साठ महिने. १ मधून हे वजा करून ०.००७५ ने भागा, ४८.१७३४ च्या आसपास येईल, त्याने ५ लाखांना भागलं की ईएमआय १०,३७९. (मध्ये आकडा परत टाइप करू नका, स्क्रीनवरचाच पुढे न्या, नाहीतर दशांश कमी पडतात आणि उत्तर हलतं.) सीएजीआरसाठी (चक्रवाढीने दरवर्षी किती टक्के वाढ झाली ते) वर्गमूळ १२ वेळा दाबायची युक्ती आहे, सीएवाल्या पोरांना ती झोपेत येते, १ लाखाचे पाच वर्षांत १.८ लाख झाले तर १.८ लिहून वर्गमूळ १२ वेळा, वजा १, भागिले ५, अधिक १, मग गुणिले-बरोबर ही जोडी १२ वेळा, उत्तर १.१२४७, म्हणजे साधारण १२.४७ टक्के. उत्तर अंदाजे असतं, पण पेपरला पुरेसं आहे.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. बटणांच्या वर सरकणारी पट्टी आहे, दशांश किती ठेवायचे त्याची, ती एफवर (सगळे दशांश दाखवणारी खूण) पाहिजे. २ वर असेल तर ०.९०९०९ चं ०.९१ होतं आणि पुढचं सगळं बिघडतं. ए वर असेल तर आणखी गोंधळ, तिथे १०२५ टाइप करून बेरीज केली की तो ते १०.२५ धरतो. बॅगेत वह्यांमध्ये घासून ही पट्टी आपोआप सरकते, म्हणून पेपर सुरू व्हायच्या आधी बघायची. आणि नवीन गणित घ्यायच्या आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातलं जीटी गेलंय ना तेही बघायचं, नाहीतर मागच्या गणिताची बेरीज नव्यात येऊन बसते.

कमी काय आहे? हा साधा आहे, गुणाकार आधी बेरीज नंतर वगैरे त्याला कळत नाही, २ अधिक ३ गुणिले ४ केलं तर २० सांगणार. म्हणून डब्ल्यूएसीसीसारखं (भांडवलाचा भारित सरासरी खर्च) गणित मेमरीत टाकून करायचं, इक्विटी ६० टक्के गुणिले १५ म्हणजे ९, एम प्लस. कर्ज ४० टक्के, व्याज ९, कर ३० टक्के, करानंतर ६.३, त्याचे ४० टक्के म्हणजे २.५२, एम प्लस. एमआरसी दाबलं की मेमरीतली बेरीज, ११.५२. सवय झाली की कागदावर मधली उत्तरं लिहायचीही गरज राहत नाही. दुसरं म्हणजे मागच्या स्टेप्स परत बघता येत नाहीत. तीस आकड्यांची ट्रायल बॅलन्स टोटल मारली आणि जुळली नाही तर परत पहिल्यापासून. अर्धा मार्क मी यासाठीच कापलाय.

ज्यांना हे नको त्यांनी कॅसिओ एमजे-१२०डी बघावा, त्यात मागच्या स्टेप्सवर जाऊन चेक करता येतं आणि चुकलेला आकडा तिथेच दुरुस्त होतो, कॉस्टिंगची लांबलचक शीटं करणाऱ्यांना हा जास्त बरा. फक्त त्यात फॅक्टर काढायची पद्धत वेगळी आहे, आधी १.१, मग भागिले दोनदा, मग १, आणि मग बरोबर-बरोबर. दोन्ही मशीन घरात असतील तर परीक्षेच्या आठवड्यात एकच वापरा, बोटांचा गोंधळ होतो. किंमत दोन्हीची साधारण पाचशेच्या आत-बाहेर.

एम.कॉम.नंतर सीएफए (गुंतवणूक-फायनान्सची आंतरराष्ट्रीय परीक्षा) करणाऱ्यांसाठी मात्र गणित वेगळं. तिथे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस किंवा एचपीचा १२सी, एवढी दोनच घराणी चालतात, बाकी कुठलाही कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही. त्याला काही हजार रुपये जातात, म्हणून सीएफएचा फॉर्म खरंच भरणार असाल तेव्हाच घ्या, एम.कॉम.च्या दोन वर्षांसाठी नको.

घेताना दुकानात जाऊन घ्या असं माझं म्हणणं, पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला जातोच आपण, तिथल्या स्टेशनरीवाल्यांकडे मिळतो. या मॉडेलच्या नकला बाजारात भरपूर आहेत, दिसायला हुबेहूब, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे, आणि काहींत जीटी नीट चालत नाही. त्यामुळे काकांना सांगायचं, "काका, बॉक्समधून काढून द्या, एकदा चालवून बघते." पट्टी एफवर, १ भागिले १.१, बरोबर पाच वेळा, जीटी. ३.७९०७ दिसलं तर वर्गमूळाचं बटण आणि डबल शून्य दाबून बघा, बटण अडकत नाही ना ते बघा, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या आणि पैसे द्या. दुसरं काही दिसलं तर सरळ शेजारच्या दुकानात जा.