एनपीटीईएलचा मशीन लर्निंग कोर्स, कॉलेजच्या लोकल चॅप्टरमधून: कोर्स नाद खुळा, कॉलेजचं मात्र बघून घ्या

आमच्याकडं कॉलेजच्या गेटवर एआयचं बॅनर लागलं की समजायचं, नवा एमओयू (सामंजस्य करार) झालाय, फोटो झालाय, पाहुण्यांना फेटे बांधून झालेत. पुढं त्याचं काय झालं ते कुणी विचारत नाही. म्हणून ज्या भागीदारीतून खरंच काहीतरी हाताला लागलं तिच्याबद्दल लिहितोय.

कोर्स म्हणजे 'इंट्रोडक्शन टू मशीन लर्निंग' (कम्प्युटरला उदाहरणं दाखवून शिकवायचं तंत्र), आयआयटी मद्रासच्या बालरामन रवींद्रन सरांचा, १२ आठवड्यांचा. एनपीटीईएल हे ऑनलाईन कोर्सचं काम आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीवाल्यांनी मिळून चालवलेलं आहे आणि सर्टिफिकेटचे कोर्स स्वयम या सरकारी पोर्टलवर असतात, हे बहुतेकांना माहिती असतंय. पण लोकल चॅप्टर हा प्रकार लई जणांना नीट माहीत नसतो. आपलं कॉलेज त्यांच्याशी जोडून घेतं, एक सर समन्वयक होतात, कोर्सला मेंटॉर मिळतात, म्हणजे शिकवणार चेन्नईतनं आणि अडलं तर विचारायला माणूस कोल्हापुरात. कागदावर तरी असंच.

पैशाचं म्हणाल तर बघायला फुकट, परीक्षा द्यायची तरच १००० रुपये, एससी-एसटीला निम्मे. असाइनमेंटला २५ मार्क, सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५, आणि पास व्हायला दोन्हीकडं वेगवेगळे लागतात, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, त्यामुळं नुसत्या असाइनमेंट उतरवून भागत नाही. ही गोष्ट मला लई आवडली.

शिकवणं एकदम भक्कम आहे, पण चॅटजीपीटीला प्रश्न कसे विचारायचे असलं काही मिळेल म्हणून जाऊ नका. सुरुवातीलाच प्रोबॅबिलिटी, मॅट्रिक्स, मग रिग्रेशन, एसव्हीएम, डिसिजन ट्री असल्या मशीन लर्निंगच्या पद्धती, गणित कच्चं असेल तर तिसऱ्या आठवड्यात घाम फुटतो. आणि इथंच मेंटॉर लागतो बघा.

आमच्या कॉलेजात (नाव लिहीत नाही) मेंटॉर म्हणजे फॉर्मवरची सही. पाचनंतर लॅबला कुलूप, शंका विचारली तर "यूट्यूबवर बघ की", आणि बुधवारची डेडलाईन जवळ आली की ग्रुपवर उत्तरं फिरायला लागायची. शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात माझी मैत्रीण आहे, तिथल्या मॅडम शनिवारी लॅब उघडून बसतात, व्हिडिओ थांबवून मराठीत समजावतात, गणित फळ्यावर सोडवून घेतात. तोच कोर्स, तीच फी, आणि तिच्या सर्टिफिकेटवर एलिट प्लस सिल्व्हर, म्हणजे ७५ च्या वर. आमच्यातली निम्मी पोरं परीक्षेला बसलीच नाहीत.

मला कळत नाही, शिवाजी विद्यापीठाखाली कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं आहेत, मग असल्या एका मॅडमकडं चार कॉलेजची पोरं का बसू नयेत? प्रत्येकानं आपापलं बॅनर लावायचं आणि मेंटॉर कुणाकडंच नाही, ह्याला काय अर्थ आहे.

आणि एमओयू करायचाच असेल तर कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांशी (धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्यांशी) करा की! ब्लो होल (हवेच्या पोकळ्या) असलेल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतलेल्या भागांचे, फोटो मागा, वर्षानुवर्षं नजरेनं माल तपासणाऱ्या माणसाला लॅबमध्ये बोलवा, चांगलं कुठलं आणि रिजेक्ट कुठलं हे त्यालाच ठरवू दे, आणि त्यावरनं खराब नग ओळखणारं मॉडेल (प्रोग्रॅम) शिकवा. १०० नगांत ३ खराब असतील आणि मॉडेलनं सगळेच ओके म्हणून सांगितले तरी अॅक्युरसी (अचूकता) ९७ टक्के दिसते, आणि सापडलेला खराब नग शून्य. हे व्हिडिओत ऐकून सोडून देतो आपण, फौंड्रीवाला समोर बसला असेल तर तो सोडणार नाही.

भाषेचं थोडं बोलतो. हेलसिंकी विद्यापीठानं २०१८ मध्ये एका कंपनीला जोडीला घेऊन 'एलिमेंट्स ऑफ एआय' नावाचा फुकट कोर्स काढला, पुढं युरोपियन युनियनच्या सगळ्या अधिकृत भाषांत तो आणला. त्यात माल्टीज पण आहे, माल्टाची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. मराठी मातृभाषा असलेले २०११ च्या जनगणनेत ८ कोटींच्या वर, आणि त्या यादीत आपण नाही, आपण युरोपात नाही हे मान्य, पण मग आपल्याकडच्या विद्यापीठांना असं एकत्र यायला कुणी अडवलंय? एनपीटीईएलनं काही कोर्सचं मराठी भाषांतर केलंय, ते चांगलंच आहे. गणित ज्यांना जमत नाही त्यांनी आधी हा हेलसिंकीचा कोर्स इंग्रजीतून करा, सोपा आहे.

रेटिंग: कोर्सला ५ पैकी ४.५, आमच्या लोकल चॅप्टरला १, तो पण रजिस्ट्रेशन वेळेत झालं म्हणून.

आणि हो, क्रेडिटसाठी करणार असाल तर फी भरायच्या आधी कॉलेजकडनं लेखी घ्या. यूजीसीच्या २०२१ च्या नियमात एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून चालतात, पण त्यातले कुठले धरायचे ते शेवटी तुमच्या विद्यापीठात-कॉलेजातच ठरतं, आणि तोंडी "होतंय की" म्हणणारे सर रिझल्टच्या वेळी सापडत नाहीत.