वैद्यकीय प्रवेशासाठीचे सशुल्क समुपदेशन: एका पालकाचा अभिप्राय

छत्रपती संभाजीनगर येथील एका खासगी प्रवेश-समुपदेशन केंद्राची सेवा आम्ही मुलीच्या एमबीबीएस प्रवेशासाठी घेतली. शुल्क १५,००० रुपये होते. कागदपत्रांच्या बाबतीत ते पूर्णपणे वसूल झाले, महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाच्या बाबतीत मात्र झाले नाही.

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागण्यापूर्वीच केंद्राने अधिवास, जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर ही प्रमाणपत्रे मागवून घेतली आणि प्रत्येकावरील नावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी ताडून पाहिले. नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपत आल्याचे तेथील कर्मचारी ताईंच्या लक्षात आले, म्हणून नवे प्रमाणपत्र वेळेत काढता आले. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षामार्फत भरल्या जातात, त्यामुळे दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते, हेही त्यांनी संयमाने समजावून सांगितले.

पसंतीक्रमाची यादी हा या सेवेचा गाभा असायला हवा होता. गुणवत्ता क्रमांकानुसार उमेदवाराची पाळी आली, की त्याची यादी वरून खाली पाहिली जाते, उपलब्ध असलेली पहिली जागा त्याला मिळते आणि त्या फेरीपुरते खालचे सर्व पर्याय बाद होतात. असे असताना केंद्राने दिलेल्या कच्च्या यादीत दोन खासगी महाविद्यालये नंदुरबार आणि गडचिरोली येथील शासकीय महाविद्यालयांच्या वर होती. कारण विचारले तेव्हा, मुलींसाठी ती ठिकाणे दूर पडतात, असे उत्तर मिळाले. खासगी महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क शासकीय शुल्काच्या कित्येक पट असते. साडेचार वर्षे हा भार वाहायचा की मुलीला दूर ठेवायचे, हा निर्णय कुटुंबाचा आहे आणि तो आम्हाला न विचारता यादीत घातला जाणे मला गंभीर वाटते. आक्षेप घेतल्यावर यादी बदलून मिळाली, हे नमूद करायला हवे.

प्रवेशानंतरच्या वाटचालीविषयी केंद्राकडे सांगण्यासारखे फारसे नव्हते. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) असते आणि शासकीय महाविद्यालयातून शिकल्यास त्यापुढे एक वर्षाची बंधपत्रित (बाँडनुसार सक्तीची) शासकीय सेवा येते, ही माहिती आम्हाला स्वतःच मिळवावी लागली.

परदेशातील एमबीबीएसची माहितीपत्रके मात्र तेथे हौसेने हातात दिली जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार अशा अभ्यासक्रमाचा कालावधी किमान ५४ महिने आणि माध्यम इंग्रजी असावे लागते, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता करावी लागते आणि परतल्यावर येथे डॉक्टर म्हणून नोंदणीसाठीची पात्रता परीक्षा तसेच येथील आंतरवासिताही पूर्ण करावी लागते. यांपैकी एकही अट त्या पत्रकांत नव्हती. कर्ज काढून मुलांना बाहेर पाठवणाऱ्या पालकांपासून ही गोष्ट दडून राहणे मला अजिबात मान्य नाही.

ज्यांच्या घरात ऑनलाइन अर्ज भरणारे कोणी नाही किंवा ज्यांची प्रमाणपत्रे अपुरी आहेत, त्यांनी कागदपत्रांपुरती ही सेवा अवश्य घ्यावी. पसंतीक्रम भरण्यापूर्वी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरील माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, ती विनामूल्य आहे. लॉगिनचा पासवर्ड केंद्राकडे न देता स्वतःजवळ ठेवावा आणि यादी अंतिम करताना मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवावे.