सुटं वचन की अख्खं स्तोत्र?

नोकरीसाठी वास्को-मडगावला आलेल्या आम्हा मराठी ख्रिस्ती घरांत बायबलच्या पाठांतराबद्दल दोन मतं आहेत: एकेक सुटं वचन (वाक्य) पाठ करावं, की बायबलमधलं एखादं अख्खं स्तोत्र.

सुटं वचन पटकन पाठ होतं, ऐन वेळी ओठांवर येतं. अरण्यात सैतानाने घातलेल्या मोहाला येशूने बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या तीन वचनांनीच उत्तर दिलं. पण सैतानानेही तिथे स्तोत्र 91 मधलं वचनच पुढे केलं होतं! ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो’ हे फिलिप्पै 4:13 मुलं परीक्षेआधी म्हणतात. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल मात्र कैदेतून लिहितोय, तेही भूक आणि विपुलता दोन्हींत टिकून राहण्याबद्दल. आधीचं वचन ठाऊक नसेल तर नापास झाल्यावर तेच शब्द टोचतात.

स्तोत्राला वेळ लागतो. चालीवर म्हटलं तर कमी. 1616 साली गोव्यातल्या राचोलला छापलेलं फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे ते उगाच नव्हे. स्तोत्र 23 मध्ये 6च वचनं. चौथ्यात मृत्युछायेची दरी येते, आणि तोवर देवाबद्दल बोलणारा स्तोत्रकर्ता दावीद तिथे थेट देवाशी बोलू लागतो. बांबोळीच्या इस्पितळात रुग्णाच्या उशाशी रात्र काढणाऱ्याला हेच हवं असतं.

लहानग्यांना वचनं द्या. मोठ्यांसाठी माझा कौल स्तोत्राला; 121वं घ्या, 8च वचनं आहेत.