ड्युअल बूट लॅपटॉप: हायबरनेट करून दुसरीकडे जायचं की पूर्ण शटडाउन?

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन सिस्टिम असणं म्हणजे ड्युअल बूट. समजा विंडोजमध्ये एक्सेलच्या चार फाइल्स आणि ब्राउझरचे वीस टॅब उघडे आहेत, आणि मध्येच उबंटूत जायचंय. सगळं बंद करायचं, की आहे तसं गोठवून ठेवायचं? स्लीपचा इथे उपयोग नाही. स्लीपमध्ये सगळं रॅममध्येच राहतं आणि रॅमवर एका वेळी एकच सिस्टिम नांदते. म्हणजे पर्याय उरतात ते विंडोज हायबरनेट करणं (चालू काम डिस्कवर जपून लॅपटॉप बंद करणं), लिनक्स हायबरनेट करणं किंवा दरवेळी खरंखुरं शटडाउन. यातलं काय निवडायचं हे मुख्यतः एका गोष्टीवरून ठरतं: दोन्ही सिस्टिम एखाद्या सामाईक पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) लिहितात का?

कारण असं. हायबरनेट करताना विंडोज रॅममधला मजकूर सी ड्राइव्हवरच्या 'हायबरफिल' या लपवलेल्या फाइलमध्ये ओतते. त्या मजकुरात डिस्कचा हिशेबही असतो: कोणती फाइल कुठे आहे, कोणती जागा रिकामी आहे. समजा तुम्ही उबंटूत जाऊन सामाईक डी ड्राइव्हवर एक पीडीएफ सेव्ह केली. परत आल्यावर विंडोज डिस्क नव्याने वाचत नाही, आपली जुनी वही उघडते. फोल्डरमध्ये ती पीडीएफ दिसतच नाही. इथवर ठीक आहे. पण विंडोजच्या लेखी ती जागा अजून रिकामी असते, त्यामुळे पुढची फाइल ती नेमकी त्याच जागेवर लिहू शकते. मग पीडीएफ उघडत नाही, डिस्कमधल्या चुका तपासणारं चेकडिस्क चालू होतं, आणि दोष जातो हार्ड डिस्कच्या माथी.

लिनक्स यावर ब्रेक लावतं. सी ड्राइव्ह गोठवलेला असेल तर एनटीएफएस-३जी ड्रायव्हर (विंडोजच्या एनटीएफएस मांडणीची पार्टिशनं लिनक्समध्ये उघडणारा) तो फक्त वाचण्यापुरता उघडतो किंवा उघडतच नाही. तो जबरदस्तीने उघडण्यासाठी 'रिमूव्ह हायबरफाइल' हा पर्याय बऱ्याच ठिकाणी सुचवलेला सापडतो. त्याने विंडोजचं गोठवलेलं सत्र कायमचं पुसलं जातं, सेव्ह न केलेल्या एक्सेलसकट. एक्सफॅट (एनटीएफएससारखीच फाइल्स मांडायची दुसरी पद्धत) पार्टिशनवर तर हा ब्रेकही भरवशाचा नाही. लिनक्स फार तर इशारा देतं आणि लिहू देतं. 'एनटीएफएसचा त्रास नको म्हणून एक्सफॅट' हा सल्ला म्हणूनच या कामापुरता उलटा आहे.

'शटडाउन' केलं तरी शटडाउन नसतं

हायबरनेट वापरत नाही म्हणून निर्धास्त असणारे इथे फसतात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आधीपासून चालू असते. तीत तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरनेट होतो. म्हणजे टॅबही गेले आणि डिस्कही अडकली! ड्युअल बूटवाल्याला यात फायदा काहीच नाही. ही सोय बंदच करावी. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटण काय करेल ते ठरवणारा दुवा, मग 'सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग्ज बदला' आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. त्याच पानावर हायबरनेटची खूण केली की पॉवर मेनूत तो पर्याय दिसू लागतो. घाईत असाल तर 'रीस्टार्ट' करून ग्रबमध्ये (कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या मेनूत) उबंटू निवडा. रीस्टार्टला फास्ट स्टार्टअप लागू होत नाही.

विंडोज गोठवणं सोपं, लिनक्स गोठवणं खटपटीचं

विंडोजच्या बाजूला वरच्या दोन खुणांपलीकडे काही करावं लागत नाही. हायबरफिल साधारण रॅमच्या ४० टक्के जागा घेते, म्हणजे १६ जीबी रॅमला सुमारे साडेसहा जीबी. १२८ जीबीच्या एसएसडीवर हे जाणवतं.

उबंटूत हायबरनेट आधीपासून चालू नसतं. स्वॅप (रॅममधला मजकूर उतरवायला डिस्कवर राखलेली जागा) किमान रॅमएवढा हवा. इन्स्टॉलर बनवतो ती स्वॅप फाइल बहुधा त्याहून बरीच लहान असते. मग ग्रबच्या सेटिंगमध्ये 'रिझ्यूम' म्हणून स्वॅप पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) द्यायचा. स्वॅप फाइल असेल तर ती ज्या पार्टिशनवर आहे त्याचा यूयूआयडी आणि सोबत 'रिझ्यूम ऑफसेट', म्हणजे फाइल डिस्कवर कुठे सुरू होते तो आकडा. तो आकडा 'फाइलफ्रॅग' कमांड देते, पहिल्या ओळीतला फिजिकल ऑफसेट. शेवटी ग्रब आणि इनिटरॅमएफएस (लिनक्स सुरू होताना आधी चालणारी छोटी व्यवस्था) दोन्ही अपडेट करायचे. ऑफसेट चुकला की लिनक्स निमूट नव्याने सुरू होतं आणि सत्र गेलेलं असतं, म्हणून पहिली चाचणी रिकाम्या डेस्कटॉपवर घ्या.

एवढं करूनही सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर उबंटूचा कर्नल, म्हणजे गाभा, हायबरनेट करू देत नाही. सिक्युअर बूट बंद केला तर पुढच्या वेळी विंडोज बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते; ती आधी कागदावर उतरवून ठेवा. खरं सांगायचं तर, केवळ हायबरनेटसाठी एवढा उपद्व्याप करण्यासारखा नाही.

लिनक्स गोठवण्यात एक जमेची बाजू आहे. विंडोजला एक्स्ट-४ (लिनक्सची फाइल्स मांडायची पद्धत) वाचताच येत नाही, त्यामुळे लिनक्सचं मुख्य पार्टिशन तिच्या हातून सुरक्षित राहतं. धोका उरतो तो माउंट केलेल्या (लिनक्सने उघडून ठेवलेल्या) सामाईक ड्राइव्हचा आणि सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइल्सच्या ईएफआय पार्टिशनचा. हायबरनेटआधी दोन्ही अनमाउंट करा. कर्नल नुकताच अपडेट झाला असेल तर आधी एकदा रीस्टार्ट करा, मगच गोठवा.

मग निवडायचं काय

सामाईक पार्टिशन नसेल आणि उबंटूतून सी ड्राइव्हला हात लावायचा नसेल, तर विंडोज खुशाल हायबरनेट करा आणि लिनक्स दरवेळी पूर्ण बंद करा. सामाईक डी ड्राइव्ह रोज लागत असेल तर फास्ट स्टार्टअप बंद आणि दोन्हीकडे पूर्ण शटडाउन. एसएसडीवर यात फार वेळ जात नाही, आणि टॅब परत उघडायचं काम ब्राउझर करतो. हायबरनेट आणि सामाईक फाइल्स दोन्ही हवंच असेल तर सामाईक फाइल्स पेन ड्राइव्हवर ठेवा आणि हायबरनेटआधी तो 'इजेक्ट' करून काढा. नुसता उपटून दुसरीकडे लावला तर वरची पीडीएफची गोष्ट पेन ड्राइव्हवर घडते.

विंडोजऐवजी लॅपटॉपवर दोन लिनक्स असतील तर दोघांना एकच स्वॅप देऊ नका. एक गोठलेलं असताना दुसरं सुरू झालं की ते स्वॅप आपल्या कामाला घेतं आणि पहिल्याचं सत्र पुसलं जातं.